विखुरलेल्या कागदांचे राखणदार

भिलाईस नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसास प्रथम दोनच गोष्टी दिसतात : कारखान्याची धुराडी आणि क्वार्टरांच्या सरळ रांगा. आम्हांसही तेवढेच दिसले होते. पुढे एका रविवारी मरोदा तलावाकडे फिरावयास गेलो असता वाटेत भेटलेल्या एका वृद्धाने रस्त्याकडे बोट दाखवून सांगितले, की येथे पूर्वी आमची धानाची शेते होती. एवढे बोलून तो निघून गेला. ती शेते कशी होती, कोण कसत होते, सारा किती होता, हे आता कोणास विचारावे, असा प्रश्न मनात राहिला. थोडा शोध घेतल्यावर उमगले, की या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस अर्थशास्त्रज्ञ नसून ग्रंथपाल आहे. आणि तोही शेतीच्या अर्थकारणाचे कागद सांभाळणारा ग्रंथपाल. या मंडळींचा आणि त्यांच्या संमेलनांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हा अल्प प्रयत्न.

दुर्ग जिल्हा १९०६ साली निर्माण झाला. त्यापूर्वी हा मुलूख बहुतांशी रायपूर जिल्ह्यात मोडत असे. त्या रायपूर जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा ह्यूइट यांचा अहवाल १८६९ चा, आणि नेल्सन यांनी संपादिलेले दुर्ग जिल्ह्याचे गॅझेटियर १९१० चे. छत्तीसगडातील अशा जुन्या अहवालांत ‘लाखाबाटा’ या प्रथेचे वर्णन येते. गावची जमीन काही वर्षांनी पुन्हा वाटावयाची आणि कन्हार, डोरसा, मटासी अशा बऱ्यावाईट जमिनीचा वाटा प्रत्येकास मिळेल असे पाहावयाचे, ही ती रीत. आज ती रीत नाही आणि ज्या शेतांवर ती चाले त्यांपैकी कित्येक शेतेही नाहीत. राहिला आहे तो केवळ छापील कागद.

पण असा कागद सापडणे सोपे नसते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात शेती ६३० या क्रमांकाखाली जाते, जमिनीचे अर्थकारण ३३३ खाली, आणि शेतमालाचे उत्पादन व किमती ३३८.१ खाली. एकाच गावाची हकीकत अशी तीन कपाटांत विभागली जाते. शिवाय सरकारी अहवालाचा कर्ता कोण मानावा, खाते की अधिकारी, हाही वाद असतोच. नस्तीला विषय काय द्यावा यावर ज्यांनी कचेरीत दुपार घालविली आहे, त्या वाचकांस ही अडचण अधिक समजावून सांगावयास नको.

हे कागद एकत्र करण्याच्या खटपटीत १९०५ हे वर्ष लक्षणीय ठरले. त्या वर्षी रोम येथे आंतरराष्ट्रीय कृषी संस्था स्थापन झाली, बिहारात पुसा येथे शेती संशोधनाची संस्था निघाली, आणि पुण्यात नामदार गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. समाजाचा ग्रंथसंग्रह पुढे १९३० साली निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या उपयोगी पडला. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ; आज तेथील ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरील त्यांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. १९५४ साली त्याच संस्थेत कृषी-अर्थशास्त्र संशोधन केंद्र सुरू झाले.

पुण्याचेच आणखी एक उदाहरण येथे देणे अगत्याचे आहे. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली त्या गावात सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. १७७१ सालचा आकडा मॅनसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कोणीतरी दीडशे वर्षे कागद जपले म्हणूनच तो त्यांस मिळाला. आज ते खेडे पिंपरी-चिंचवड शहरात विरून गेले आहे. त्याची शेती आता मॅन यांच्या ग्रंथातच पाहावयाची.

आता संमेलनांकडे वळू. १९३३ च्या सप्टेंबरात कलकत्त्यास अखिल भारतीय ग्रंथालय परिषदेत भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्याचा रशियाशी करार झाला. त्याच वर्षी कलकत्त्यास विशेष ग्रंथालयांची संघटना निघाली आणि बेल्जममधील गेंट येथे जगातील कृषी-ग्रंथपालांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. १९५८ साली कृषी-अर्थशास्त्रज्ञांची दहावी आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या देशात, म्हैसूरला भरली. पुढच्याच वर्षी, म्हणजे भिलाईची पहिली झोतभट्टी ज्या १९५९ साली पेटली त्या वर्षी, या विषयावरील जगभरच्या लेखांचे गोषवारे देणारे नियतकालिक निघू लागले. भारतातील कृषी-ग्रंथपालांची स्वतःची संघटना १९७१ ची.

अशा संमेलनांत टाळ्यांचे प्रसंग थोडेच. कोणत्या ग्रंथालयात काय आहे याची संयुक्त सूची कशी करावी, जादा प्रतींची अदलाबदल कशी व्हावी, खात्यांची नावे कोणत्या नियमाने नोंदवावीत, असल्या विषयांवर तेथे तासन् तास खल चालतो. बाहेरच्यास हे हास्यास्पद वाटेल. एके काळी आम्हांसही वाटले असते.

नोकरीच्या आरंभी एका कचेरीत मुदत संपलेल्या कागदांची यादी आमच्यापुढे आली होती. तीत शेतसाऱ्याच्या जुन्या तक्त्यांची काही बाडे होती. नियमानुसार ती निकाली काढण्याजोगीच होती. दुसरीकडे कोठे त्यांची प्रत आहे काय, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. आम्ही टिपण लिहिले, सही झाली, आणि रद्दीवाला गोणी घेऊन गेला. नियमाचा भंग झाला नाही. तरीही त्या वृद्धाचे शब्द ऐकले तेव्हा आम्हांस प्रथम आठवली ती ती गोणी. संयुक्त सूचीवर तासन् तास खल करणारे लोक कशासाठी भांडतात, हे त्या दिवशी कळले.

या मुलखाशी आपला संबंध केवळ बदलीच्या हुकुमाचा नाही. १८५४ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती, आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. तेव्हा येथील शेतीचे जुने कागद ओळखण्याची व वाचण्याची सोय आपल्या मंडळींस इतरांहून अधिक आहे. भाताच्या शेतीसाठी बांधलेल्या तांदुळा धरणाचे पाणी पुढे कारखान्यासही पुरविले गेले. गाडगिळांनी प्रवरेच्या कालव्याविषयी विचारलेले प्रश्न तांदुळ्याविषयी विचारावयाचे तर आधी जुने आकडे हवेत. आणि ते कदाचित आपल्यापैकीच कोणाच्या तरी कचेरीतील वरच्या फळीवर असतील.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की निकाली काढावयाच्या कागदांची यादी पुढे आली तर सही करण्यापूर्वी एक पत्र जवळच्या कृषी विद्यापीठाच्या ग्रंथपालास लिहावे. छत्तीसगडात असे विद्यापीठ रायपूरला १९८७ पासून आहे. उत्तर येण्यास आठवडा लागेल. तेवढा काळ ते बाड फळीवरच राहू द्यावे.