आपल्या शाळेची जमाखर्चाची वही

स्मरणिका समितीने शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं, त्याचं कारण एवढंच की मी डोंबिवलीच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना पानिपत शिकवणं सोपं असतं, कारण वर्गात पानिपतावर गेलेलं कोणी बसलेलं नसतं. इथे मात्र वाचणारे सगळेच त्या काळातले. चूक झाली तर गुरुजनांनी पूर्वीसारखाच कान पकडावा.

गेल्या मे महिन्यात शाळेत गेलो. ऑफिसातलं लोखंडी कपाट मुख्याध्यापकांनी उघडून दिलं. आत संस्थेच्या सभांचं वृत्तांताचं पुस्तक होतं, सुतळीने बांधलेला पावतीपुस्तकांचा गठ्ठा होता आणि एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. ही वही मुंबई मंडळाची. मंडळाचे खजिनदार लालबागला राहायचे. त्यांची चाळ पाडायला घेतली तेव्हा त्यांच्या मुलाने माळ्यावरून ती काढली आणि गणपतीला येताना शाळेत आणून दिली. रद्दीत घातली असती तरी आपल्याला कळलं नसतं. हा लेख बराचसा त्या वहीतून आलेला आहे.

शाळा सुरू झाली जून १९६१ मध्ये. त्याआधी सातवी झाली की शिक्षण संपलं. ज्यांच्या नातेवाइकांचं चिपळूणला घर होतं ते पुढे शिकले, बाकीचे मुंबईला गिरणीत गेले. मुली कुठेच गेल्या नाहीत. पहिला आठवीचा वर्ग मराठी शाळेच्या पडवीत भरला, ३७ मुलं, त्यांत मुली ३. हे आकडे आपण दर वर्षी वर्धापनदिनाच्या भाषणात ऐकत आलो. शाळा कोणाच्या पैशावर उभी राहिली, हे मात्र त्या भाषणात ‘मुंबईकर ग्रामस्थांच्या सहकार्याने’ या तीन शब्दांत आटपायचं.

हे मुंबईकर कोण, ते नव्या बॅचच्या मुलांसाठी सांगतो. आपल्या खोऱ्यातल्या प्रत्येक गावाची लालबाग-परळ-डिलाईल रोडकडे एक खोली असायची. तिला गाळा म्हणायचे. एका गाळ्यात पंधरा-वीस माणसं. दिवसपाळीचा उठला की त्याच्या अंथरुणावर रातपाळीचा निजायचा. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, जेवण खानावळीचं. पगार झाला की पहिली मनीऑर्डर गावाला. त्यातले बहुतेक चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते आणि काहींना सहीसुद्धा येत नव्हती. म्हणजे आपल्या शाळेला ज्यांनी पहिल्यांदा दिलं, ते तिचे माजी विद्यार्थी नव्हते. त्यांना देऊन परत फेडण्यासारखं काहीच शाळेकडून मिळालेलं नव्हतं.

मुंबईत कमावून गावच्या शिक्षणासाठी पैसा जमवायचा, ही कोकणातली रीत मात्र त्यांच्याही आधीची आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८८६ साली ‘मुरूड फंड’ काढला. ते तेव्हा मुंबईत होते. आपल्या मिळकतीतला काही वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा, ही त्यामागची कल्पना. कर्व्यांनी शिक्षणासाठी काय सोसलं ते आपल्याला धड्यात होतं. परीक्षेसाठी मुरूडहून पायी घाट चढून साताऱ्याला गेले आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. (आपण तीन मैल चालून यायचो त्याचं अजून कौतुक सांगतो.) पुढचा भाग धड्यात नव्हता, किंवा असला तरी माझ्या लक्षात राहिला नव्हता. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा होत्या. तेव्हा ज्या मुरूडसाठी फंड काढला, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी खेड्यातल्या शाळांचा नाद काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १९३६ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, ज्या गावांत शाळा नाहीत तिथे त्या काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं आणि त्याच्यासाठी पैसे जमवत हिंडले. गावाने काय दिलं याचा हिशेब आधी मांडला असता, तर यातलं काहीच झालं नसतं.

आपल्या मंडळाच्या वहीचं पहिलं पान फेब्रुवारी १९६० चं आहे. वर ‘श्री’, खाली ‘हायस्कूल फंड’. पैसे जमवण्याचे मार्ग दोन. एक, माणशी महिना चार आणे. वहीच्या सुरुवातीला हिशेब नव्या पैशांत आहे, पण खजिनदारांची जुनी सवय गेलेली नाही, मध्येच ‘आणे’ लिहून खोडलेलं दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे परळच्या दामोदर हॉलमध्ये शक्ती-तुऱ्याचा सामना. खर्चाच्या बाजूला हॉलचं भाडं, ढोलकीवाल्याचं मानधन, चहा आणि ‘पोलीस परवाना’ असं सगळं नोंदलेलं आहे. सामन्यातून १९६२ साली ६१८ रुपये उरले. हे पैसे विश्वासाच्या माणसाबरोबर बोटीने दाभोळला आणि तिथून वर आले, अशी नोंद आहे.

गावाकडच्यांनी अंग घातलं. चिरे खाणीवरून डोक्यावरून आणले. प्रत्येक घरामागे वर्षाला आठ दिवस श्रमदान, आणि ज्यांना येता येत नसे त्यांनी गड्याची मजुरी द्यायची. वृत्तांताच्या पुस्तकात वाडीवार यादी आहे. एरवी पाण्याची विहीर वेगळी, पंगत वेगळी असलेल्या वाड्या त्या यादीत एकाखाली एक आहेत. याने गावातला भेद गेला असं मी म्हणणार नाही. तो शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या माठापर्यंत आला होता, हे आपल्यापैकी काहींना चांगलं आठवत असेल. पण चिरे सगळ्यांनी वाहिले, हेही खरं.

इमारत १९६६ ला उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे आपल्याला तो चांगलाच जाणवला. पश्चिमेकडची भिंत फाटली, कौलं खाली आली. पहाटेची वेळ म्हणून मुलं वाचली. वहीत डिसेंबर १९६७ च्या पानावर एकच ओळ आहे : ‘भिंतीसाठी जादा वर्गणी, माणशी रु. २.’ आणि खाली गाळ्यांची यादी.

त्या यादीत एक नोंद अशी आहे : ‘गाळा नं. १२, इसम १४, रु. २८.’ माझे वडील त्या गाळ्यात राहायचे. साचेखात्यात होते. प्रवेशद्वाराजवळच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आहेत ना, ती रुपये ५०१ च्या वरची. लहानपणी मी ती पाटी अनेकदा वाचली आणि आपल्या घरातलं कोणी त्यावर नाही, याची मला थोडी लाजच वाटायची. एकदा वडिलांना विचारलंही होतं. ते म्हणाले, ‘गाल्याचा हाय ना त्यात.’ मला तेव्हा ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं होतं.

आता आपल्या काळाकडे येतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपण नववीत होतो. होळीला चाकरमानी आले ते परत गेलेच नाहीत. सुरुवातीला आपल्याला मजा वाटली. बाबा घरी, शिमग्याची पालखी जोरात नाचली, भातलावणीला घरात बाप्ये भरपूर. गणपतीपर्यंत मजा संपली. पोस्टमन वाडीत आला तरी कोणी उठून बाहेर येईना. आपल्या वर्गातले सहा जण त्या वर्षी दहावीत आलेच नाहीत. त्यातले दोघे या मेळाव्याला येणार आहेत. त्यांचीही नावं बॅचच्या यादीत घातली आहेत, आणि घालायलाच हवी होती.

वहीत १९८२-८३ च्या पानावर जमेची बाजू जवळजवळ कोरी आहे. ‘संपामुळे वर्गणी नाही. सामना रद्द.’ त्याखाली वेगळ्या शाईत : ‘माजी विद्यार्थी ११, प्रत्येकी रु. २५, एकूण रु. २७५. दहावीचे फॉर्म, मुले ९.’

बावीस वर्षांच्या हिशेबात ‘माजी विद्यार्थी’ हा शब्द इथे पहिल्यांदा येतो. गिरणीचा पैसा आटला त्या वर्षी तो आला. ही ११ मुलं कोण, ते वहीत लिहिलेलं नाही. महिनाभर फोन करत राहिलो तेव्हा त्यातले एक सापडले. १९७५ च्या, म्हणजे अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली त्या पहिल्या बॅचचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता विरारला असतात. तेव्हा त्यांची नोकरी लागून चारच वर्षं झाली होती आणि घरात वडील संपावर होते. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, ‘हेडसरांचं पोस्टकार्ड आलं. त्यात नऊ मुलांची नावं होती. त्यात तुझंही होतं.’

माझा फॉर्म रेडकू विकून भरला, असं मी चाळीस वर्षं समजत होतो. घरी तसंच सांगितलं होतं. रेडकू विकलं होतं हेही खरंच, पण ते पैसे कशाला लागले, ते आता विचारायला वडील नाहीत आणि आईला आठवत नाही. उरलेली आठ नावं कोणाची, ते त्या कंडक्टरदादांना आठवतं. मी विचारलं नाही. हेडसरांनी तेव्हा वर्गात एका शब्दाने कळू दिलं नव्हतं, तर मी तरी कशाला उकरून काढू?

यापुढचा इतिहास आपल्या बॅचचा आहे आणि तो लिहिताना जरा अवघड वाटतं. आपण सव्वीस वर्षं काहीही दिलं नाही. मग २००९ मध्ये एकदम दहा संगणक दिले. फीत कापली, फोटो काढले, खोलीवर बॅचचं नाव घातलं. मे महिन्यात ती खोली उघडून पाहिली. दहाही संगणक आपण दिलेल्या निळ्या आच्छादनांखाली जागेवर आहेत. तीनच वर्षं चालले. पावसाळ्यात वीज खाली-वर होते, चिपळूणहून माणूस बोलवायचा तर त्याचा खर्च कोणी करायचा, हे आपण ठरवलंच नव्हतं. शाळेने दोनदा पत्र पाठवलं होतं. त्यातलं एक माझ्या नावावर आलं होतं. मी ते ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’ म्हणून ठेवून दिलं. शाळेला दोष देणाऱ्या मित्रांसाठी एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

चार आणेवाल्यांनी मात्र महिन्याच्या महिन्याला दिलं, बावीस वर्षं. भिंत पडली की भिंतीला, बाकं मोडली की बाकांना. वहीत ‘घंटेचा दोर’ म्हणून दीड रुपयाची नोंद आहे.

आता शाळेत पट ६४ आहे. आपल्या वेळी ३१२ होता. मुलंच कमी झाली हे एक, आणि खालच्या रस्त्यावर सकाळी पिवळ्या बस येतात त्या बरीचशी घेऊन जातात हे दुसरं. उरतात ती वरच्या वाड्यांची आणि धनगरवाड्याची मुलं. ती सव्वा-दीड तास चालत येतात, पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी आलं की येत नाहीत. मुख्याध्यापकांनी हजेरीपट दाखवला. जुलै-ऑगस्टमध्ये काही नावांपुढे सलग रेघ आहे. पट आणखी खाली आला की संचमान्यतेत शिक्षकांची पदं कमी होतात, शिक्षक कमी झाले की आणखी मुलं जातात. हे चक्र कुठे थांबतं ते आजूबाजूच्या गावांत आपण पाहिलं आहे.

बॅचकडे या घडीला ४ लाख १५ हजार जमले आहेत. प्रवेशद्वाराची कमान बांधावी, असं बऱ्याच जणांचं मत आहे. गवंड्याचा अंदाज साडेतीन लाखांचा आला आहे. कमान दिसेल चांगली, यात वाद नाही. माझं म्हणणं मी व्हॉट्सॲपवर मांडलं होतं, तिथे ते सुप्रभातच्या फुलांखाली गेलं, म्हणून इथे पुन्हा लिहितो. वरच्या वाड्यांसाठी एक जीप भाड्याने लावावी. गावातल्याच गाडीवाल्याशी बोललो आहे, महिना वीस हजार सांगतो, जून ते मार्च दोन लाख. म्हणजे दोन वर्षं आत्ताच्या पैशात होतात. तिसऱ्या वर्षासाठी आपण शहाऐंशी जणांनी महिना दोनशे चालू ठेवले तरी भागतं. जीपवर कोणाचं नाव घालता येणार नाही, ती गाडीवाल्याची आहे. एका मित्राचा आक्षेप असा की पैसा ‘पेट्रोलमध्ये जाईल, मागे काही उरणार नाही’. तो अगदी चुकीचा नाही. माणशी रु. २ ची भिंत मात्र अजून उभी आहे आणि तिच्यावरही कोणाचं नाव नाही. निर्णय मेळाव्याच्या सभेत व्हायचा आहे आणि बहुमत जे ठरवेल त्यात माझे पैसे आहेतच.

लाल वही ८३ व्या पानापर्यंत लिहिलेली आहे, पुढची पानं कोरी आहेत. मेळाव्याच्या दिवशी ती ऑफिसच्या टेबलावर ठेवायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. आपापल्या गाळ्याचं पान शोधून बघा. अक्षर बारीक आहे, चष्मा विसरू नका.