भिवाडीच्या हवेवर भूगोलाचा आणि ऋतूंचा प्रभाव

दिल्लीहून जयपूरकडे जाताना हरियाणातील धारुहेडा येथे महामार्ग सोडून डावीकडे वळले, की थोड्याच वेळात राजस्थानची हद्द लागते आणि भिवाडी सुरू होते. २०११ च्या जनगणनेनुसार एक लाखाहून किंचित अधिक लोकसंख्या असलेले हे औद्योगिक शहर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. 'आयक्यूएअर' या स्विस संस्थेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ सालासाठी जगातील सर्वाधिक प्रदूषित शहर म्हणून त्याची नोंद झाली. तेथील हवेत पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला १०६.२ मायक्रोग्रॅम आढळली. भारतीय मानकाची मर्यादा ४० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अवघी ५ ची. त्या यादीत दिल्ली चौथ्या क्रमांकावर होती.

एवढेसे शहर राजधानीच्याही पुढे कसे गेले, याचे उत्तर केवळ कारखान्यांच्या धुराड्यांत मिळत नाही. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने आणि त्यांच्यासाठी अहोरात्र धावणारे ट्रक भिवाडीत बाराही महिने असतात. ऋतूनुसार बदलते ती हा धूर वाहून नेण्याची हवेची क्षमता.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे मुंबईशी तुलना करता येईल. मुंबईत दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात व शहराची हवा बहुतेक दिवस हलती राहते. भिवाडीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, नैर्ऋत्येकडून दिल्लीपर्यंत आलेली अरवलीची झिजलेली रांग आणि पश्चिमेला थरचे वाळवंट, अशा प्रदेशात हे शहर वसले आहे. माती वालुकामय आहे. जवळून जाणारी साहिबी नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी असते.

सर्वांत कठीण काळ नोव्हेंबर ते जानेवारी हा होय. लांब रात्री आणि निरभ्र आकाश यांमुळे जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते आणि वरचा थर मात्र तुलनेने उबदार राहतो. शालेय भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची हवा वर चढू शकत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो. हिवाळ्याच्या रात्री तोच काहीशे मीटरच्या, कधी त्याहूनही कमी जाडीच्या थरात कोंडला जातो. भट्टीने एक किलोही अधिक कोळसा जाळला नाही, तरी श्वासात जाणारे प्रमाण अनेक पटींनी वाढते. त्यात पहाटेचे दाट धुके आणि थंडीसाठी पेटविलेल्या शेकोट्या यांची भर पडते.

या काळाच्या आरंभीच पंजाब व हरियाणातील भाताची धसकटे, म्हणजेच 'पराली', जाळली जातात. भूजल वाचविण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये केलेल्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली. कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास थोडेच दिवस उरले. त्या सुमारास वारे वायव्येकडून वाहतात व धूर राजधानी क्षेत्रावर येतो. वारा ईशान्येचा झाला, की दिल्ली-गुरुग्रामची हवा भिवाडीकडे सरकते आणि नैर्ऋत्येचा झाला, की भिवाडीचा धूर दिल्लीकडे. परालीकडे बोट दाखविणे सोपे असले, तरी ती काही आठवड्यांची बाब आहे. डिसेंबर-जानेवारीतील प्रदूषण तिच्या माथी मारता येत नाही. पश्चिमी विक्षोभामुळे हिवाळ्यात पाऊस पडला, तर दोन-चार दिवस उसंत मिळते.

एप्रिल ते जून या काळात समस्या उलटी असते. वारा भरपूर असतो, पण तो वाळवंटाची धूळ घेऊन येतो. या 'आंधी'मुळे पीएम १० हे जाड कण वाढतात. खाणकामाने अरवलीत पडलेली खिंडारे आणि उजाड टेकड्या धुळीला वाट करून देतात. जूनअखेरीस मोसमी पाऊस पोहोचला, की हवा धुऊन निघते आणि सप्टेंबरपर्यंत निर्देशांक बराच खाली राहतो. भट्ट्या मात्र तेव्हाही चालूच असतात. त्यामुळे ऑगस्टमधील आकडे पाहून कारखाने सुधारल्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

राजधानी क्षेत्रातील उद्योगांना १ जानेवारी २०२३ पासून केवळ मान्यताप्राप्त इंधनच वापरता येते. हा नियम वर्षभराचा आहे. हिवाळ्यातील टप्प्याटप्प्याची कृतियोजना मात्र दिल्लीच्या हवा गुणवत्ता निर्देशांकावर चालते. तो 'गंभीर' श्रेणीत गेला, की तिसऱ्या टप्प्यात संपूर्ण क्षेत्रातील बहुतेक बांधकामे थांबतात. काम बंद असलेल्या मजुरांना उपकर निधीतून निर्वाह भत्ता देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना दिले. बिगरनोंदणीकृत मजुरापर्यंत तो पोहोचणे कठीण आहे. त्या दिवशी भिवाडीत वारा सुटून आकाश मोकळे झाले असले, तरी बंदी उठते ती दिल्लीचा आकडा उतरल्यावरच.