१९४१ चा बेसबॉल हंगाम : ‘सर्वोत्तम’ खेळाडूच्या निवडीचा पुनर्विचार

अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात १९४१ चा हंगाम दोन फलंदाजांमुळे संस्मरणीय ठरला. न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका नोंदविला. बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची सरासरी अखेरच्या दिवशी सकाळी ०.३९९५५, म्हणजे पूर्णांकित ०.४०० होती. न खेळता ती टिकली असती. तरीही तो दोन्ही सामने खेळला आणि ०.४०६ वर पोहोचला. अमेरिकन लीगच्या ‘सर्वाधिक मौल्यवान खेळाडू’ या बहुमानासाठी क्रीडालेखकांनी मात्र २९१ विरुद्ध २५४ गुणांनी डिमॅजिओची निवड केली.

या निवाड्याविषयी विपुल चर्चा झाली आहे. त्याहून मूलभूत प्रश्न निवडीच्या क्षेत्राचा आहे. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख स्पर्धांत प्रवेश नव्हता. जोश गिब्सनसारखा असामान्य फलंदाज त्या वर्षी मेक्सिकोत खेळत होता. एप्रिल १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ही बंदी मोडली. गिब्सन त्यापूर्वी तीन महिने, जानेवारीत निवर्तला होता. निग्रो लीग्जची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली, तेव्हा त्याची १९४३ मधील ०.४६६ ही सरासरी एका हंगामातील सर्वोच्च ठरली.

यामुळे डिमॅजिओ अथवा विल्यम्स यांचे कर्तृत्व उणावत नाही. तथापि, १९४१ मधील ‘सर्वोत्तम’ हे विशेषण प्रवेश मिळालेल्यांपुरतेच मर्यादित होते, हे इतिहासलेखनाने नमूद करणे आवश्यक आहे. नोंदी दुरुस्त करता येतात. जे सामने होऊच दिले नाहीत, त्यांची भरपाई करता येत नाही.