सहआरोपी निर्दोष, मग उरलेल्याची शिक्षा टिकते का?

जबलपूर : एकाच घटनेत, त्याच साक्षीदारांच्या जबानीवर एक आरोपी निर्दोष सुटतो आणि दुसऱ्याला जन्मठेप होते. असा निकाल कायद्याला मान्य आहे का, हा प्रश्न येथे मुख्य पीठ असलेल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयासह सर्वच उच्च न्यायालयांतील फौजदारी अपिलांत उपस्थित केला जातो.

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत निवाड्यांपैकी एक महाराष्ट्रातील खटल्याचा आहे. ‘कृष्ण गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (1963) या प्रकरणात चौघांवर समान इराद्याने खून केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने चौघांनाही सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची सुटका कायम ठेवली; मात्र उरलेल्या एकाने सुटलेल्यांपैकी कोणा ना कोणाच्या साथीने खून केला असावा, असे म्हणून त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. हे तिघे गुन्ह्यात नव्हते असे धरायचे आणि त्यांच्याच सहभागावर चौथ्याची शिक्षा उभी करायची, हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. चौघांखेरीज अन्य कोणी अनोळखी व्यक्ती सामील असल्याचा आरोप वा पुरावा असता, तर गोष्ट वेगळी होती.

केवळ निकाल वेगळे लागले म्हणून ते विसंगत ठरत नाहीत. साक्षीदाराचे एक विधान खोटे निघाले की संपूर्ण साक्ष फेटाळावी, हा नियम भारतीय न्यायालये स्वीकारत नाहीत. एकाजवळ हत्यार सापडले आणि दुसऱ्याजवळ नाही, तर निकालही भिन्न लागू शकतो.

अमेरिकेत ज्यूरी कारणे देत नाही. तेथे एकाच आरोपीवरील निरनिराळ्या आरोपांचे निर्णय विसंगत असले, तरी तेवढ्यावरून शिक्षा रद्द होत नाही. भारतात न्यायाधीशाला निर्णयाची कारणे लिहावीच लागतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 393). त्यामुळे विसंगती कागदावर दिसते आणि तिला आव्हान देता येते.

‘जावेद शौकत अली कुरेशी विरुद्ध गुजरात राज्य’ (2023) या निवाड्यात न्यायमूर्ती अभय ओक आणि संजय करोल यांच्या पीठाने हा विचार पुढे नेला. समान साक्ष आणि समान भूमिका असलेल्या आरोपींत भेद करता येणार नाही, असे सांगून, ज्याची याचिका पूर्वीच फेटाळली गेली होती त्या आरोपीलाही या पीठाने निर्दोष मुक्त केले. वकिलाअभावी वा पैशाअभावी अपीलच न करणाऱ्या कैद्यांसाठी या निवाड्याचे मोल विशेष आहे.