इंग्रजी वाणीची स्पष्टता : शिष्टोच्चार आणि सुबोधता

स्पष्ट बोलणे आणि प्रतिष्ठितांसारखे बोलणे या दोन भिन्न गोष्टी होत. इंग्रजी भाषेच्या इतिहासात मात्र दीर्घकाळ त्यांची गल्लत झालेली आढळते.

१७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड ही राज्ये एक झाली. त्यानंतर लंडनच्या राजकारणात वावरू इच्छिणाऱ्या स्कॉटिश उच्चवर्गास आपले उच्चार अडचणीचे वाटू लागले. १७६१ साली टॉमस शेरिडन या आयरिश नटाने एडिंबरो येथे व्याख्याने दिली, ती ऐकण्यास हाच वर्ग लोटला. शेरिडन यांच्या मते राजदरबारातील उच्चार हाच प्रमाण होय. पुढे १७९१ मध्ये जॉन वॉकर यांनी आपल्या उच्चारकोशात स्कॉटलंड, आयर्लंड आणि खुद्द लंडन येथील रहिवाशांसाठी निरनिराळे नियम दिले. राजधानीतील सामान्य माणसाची वाणीही अशा रीतीने दोषास्पद ठरली.

या विचारास शास्त्रीय वळण दिले ते डॅनिअल जोन्स यांनी. १९१७ च्या त्यांच्या उच्चारकोशात दक्षिण इंग्लंडमधील, पब्लिक स्कुलांत शिकलेल्या कुटुंबांचे उच्चार नोंदलेले आहेत; तथापि ते इतरांवर लादण्याचा त्यांचा हेतू नव्हता. सहज बोलण्यात ‘अँड’ हा शब्द पुष्कळदा केवळ ‘न्’ एवढाच उरतो, अशी रूपेही त्यांनी ग्राह्य मानली. म्हणजे प्रत्येक अक्षर सुटे करून उच्चारणे हे इंग्रजी स्पष्टतेचे लक्षण नव्हे. गौण शब्द आखूड होतात, म्हणूनच महत्त्वाचे शब्द उठून दिसतात.

व्यवहारात मात्र जुना आग्रह टिकून राहिला. १९२६ साली बी. बी. सी. ने निवेदकांच्या उच्चारांसाठी कवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४१ मध्ये यॉर्कशायरचे विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय वार्तापत्र वाचू लागले, तेव्हा अनेक श्रोत्यांनी तक्रारी केल्या. वाद अर्थबोधाचा नसून मुख्यतः प्रांतिक स्वराचा होता.

भारताच्या दृष्टीने आर. के. बन्सल यांचे हैदराबाद येथून १९६९ साली प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. भारतीयांचे इंग्रजी परकीयांस कोठे व का कळत नाही, याचा त्यांनी शोध घेतला. अस्थानी पडणारा शब्दाघात हे त्यांस एक प्रमुख कारण आढळले. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असता आघात पहिल्या अक्षरावर पडतो, क्रियापद असता दुसऱ्यावर. मराठी विद्यार्थ्याने लक्ष द्यावयाचे ते अशा स्थळांकडे. आपल्या स्वरातील मराठीपणाची लाज बाळगण्याचे त्यास कारण नाही. ती लाज अठराव्या शतकातील एका सामाजिक गल्लतीचा वारसा होय.