परका अवयव आणि बुरशी

चोरखमाऱ्याच्या तलावाखालील धान कापून झाले, म्हणजे तणसाच्या ढिगात ओल राहते व तीवर बुरशी धरते. धडधाकट शेतकरी तो ढीग निर्धास्त उपसतो. श्वासावाटे गेलेले बुरशीचे बीज त्याच्या देहाचे रक्षक मारून टाकतात. परंतु ज्याने दुसऱ्याचे मूत्रपिंड धारण केले आहे, त्याला हीच धूळ प्राणघातक ठरू शकते. याचे कारण इतिहासात आहे.

१९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड त्याच्या हुबेहूब भावास बसविले. घडण एकच असल्याने देहाने त्यास परके मानले नाही. इतरांचे अवयव मात्र देह झिडकारी. तेव्हा देहाच्या रक्षकांनाच दुबळे करणारी औषधे निघाली. त्यांतील युगप्रवर्तक सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासूनच लाभले. १९८३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रक्षक निजले, अवयव टिकला. पण बुरशीला दार उघडे सापडले.

तिजवरील उतारा अँफोटेरिसिन, तोही मातीतल्याच एका जीवाणूचे देणे. २०२१ साली करोना, मधुमेह व स्टेरॉइड यांनी दुबळ्या झालेल्या रुग्णांत ‘काळी बुरशी’ आढळली, तेव्हा या औषधाची टंचाई पडली आणि वर्ध्यासही त्याचे उत्पादन सुरू झाले.

म्हणून अवयव लाभलेल्याने तणस व शेणखत यांपासून दूर राहावे, ताप येताच डॉक्टर गाठावा. घरच्यांनी त्यास आळशी म्हणू नये. मिळालेल्या दानाची राखण ती हीच.