घोडकाठची पांढर : शिरूर-दौंडच्या पुरातत्त्वात प्रवेश करताना

शिरूर म्हटले की रांजणगावचा गणपती आठवतो, दौंड म्हटले की रेल्वेचे जंक्शन. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. या कोरड्या पट्ट्यातून भीमा वाहते आणि तिला घोड, मुळा-मुठा येऊन मिळतात. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज आपण जे खात्रीने सांगू शकतो, त्यातले बरेचसे या नद्यांच्या काठावरून, मुख्यतः शिरूर तालुक्यातल्या घोडकाठच्या इनामगावातून मिळाले आहे. ही प्रस्तावना या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकासाठी आहे. तो विद्यार्थी असेल, शिक्षक असेल, किंवा ज्याच्या बांधावर नक्षीची खापरे सापडतात असा शेतकरी असेल.

प्राचीन गाव म्हटले की आपण आधी त्याचा उल्लेख कुठे आला आहे ते शोधतो. इंग्लंडमधले ड्रॉइटविच हे खाऱ्या झऱ्यांवर मीठ पिकवणारे गाव. रोमन काळात त्याला सॅलिनी म्हणत, म्हणून तिथल्या उत्खननाला लेखी आधाराची साथ असते. आपल्याकडे पैठण आणि तेर यांचे तसेच आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्यांची नावे येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही रोमन जगाशी असलेल्या व्यापाराकडे बोट दाखवते. घोडकाठी असा एकही आधार नाही. इनामगावात माणसे राहत होती तेव्हा महाराष्ट्रात लिपी नव्हती, नाणे नव्हते, राजवंशांच्या याद्या नव्हत्या. तरीही या गावातली घरे, धान्य, कामधंदे आणि मृत्यूचे विधी आपल्याला जितके जवळून दिसतात, तितके ज्यांची नावे ग्रंथांत नोंदली गेली अशा अनेक नगरांचेही दिसत नाहीत. हे कसे साधले, हे कळले की पुरातत्त्वशास्त्राचे मर्म हाती लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इनामगावला उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी त्याची धुरा वाहिली. त्याआधी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी सांकळिया आणि शां. भा. देव यांनी खोदकाम केले होते. लाल अंगावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी असलेली, टिचकी मारली की खणखणणारी भांडी तिथे मिळाली, आणि त्या संस्कृतीला जोर्वेचेच नाव पडले. पुढे नेवासे आणि घोडच्याच वरच्या खोऱ्यातले चांडोली इथेही ती आढळली. या सुरुवातीच्या उत्खननांमध्ये मुख्य प्रश्न क्रमाचा होता: कोणत्या थरानंतर कोणता थर, कोणत्या संस्कृतीनंतर कोणती. त्यासाठी खोल, अरुंद चर पुरेसा असतो. इनामगावात प्रश्न बदलला. माणसे राहत कशी होती, हे जाणून घ्यायचे ठरले. मग खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा झाला. एकाच काळातली जमीन रुंद उघडत न्यायची, घराला घर, अंगणाला अंगण जोडत जायचे. अशा रीतीने सव्वाशेहून अधिक घरे उजेडात आली. भारतीय पुरातत्त्वात इनामगावला जे स्थान आहे, ते या निर्णयामुळे.

या वसाहतीचे तीन कालखंड मानले जातात. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. पहिल्या दोन काळांतली घरे चौकोनी आणि ऐसपैस. मातीची बुटकी भिंत, वर कुडाचे काम, गवताचे छप्पर. चोपून केलेल्या जमिनीत चुली, रांजणांच्या बैठका, धान्याची पेवे आणि कणग्या ठेवण्याचे गोल ओटे स्पष्ट ओळखू येतात. गेल्या दोन पिढ्यांपर्यंत या भागात जी गृहरचना होती, तिच्याशी ही मांडणी इतकी जुळते की ढवळीकरांनी आजच्या खेड्यातल्या घरांचा अभ्यास करून प्राचीन अवशेषांचे अर्थ लावले. पाहुण्या अभ्यासकाला जिथे नुसता मातीचा गोल ओटा दिसेल, तिथे इथल्या आजीला कणगीची जागा दिसते. असे ज्ञान हा पुराव्याचाच एक भाग आहे.

जळालेल्या दाण्यांवरून पिकेही कळली. मुख्य धान्य जव. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा आणि थोडा भात. हाडांवरून गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीतले काळवीट ओळखता आले. जव आणि गहू ही रब्बीची पिके, आणि पाऊस बेभरवशाचा. मग पाण्याचे काय? वसाहतीच्या कडेला दगड आणि मातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध आणि त्यालगत खोदलेला पाट सापडला. पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी तो असावा, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. एवढे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी माणसे एकत्र आणणारी, कामाची वाटणी करणारी कोणती तरी व्यवस्था हवी. वसाहतीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी धान्यकोठार मिळाले, तर कुंभार, सोनार, चुना भाजणारे आणि मणी घडवणारे पश्चिमेच्या कडेला राहत होते. या साऱ्यावरून इथे एखादा मुखिया असावा आणि समाजात थर पडू लागले असावेत, असे मांडले गेले. पुरातत्त्वातला तर्क असा चालतो: बांधाची लांबी, घराची जागा आणि कोठाराचे शेजारपण या तीन स्वतंत्र गोष्टी एकाच दिशेने बोलू लागल्या की विधानाला बळ येते.

मृतांविषयीचा पुरावा मन हेलावणारा आहे. लहान मुलांना दोन रांजणांत ठेवून, त्यांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्याच जमिनीखाली पुरत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात निजवत, आणि घोट्याखालची पावले तोडलेली असत. मृताने उठून दूर जाऊ नये म्हणून की आणखी कशासाठी, हे सांगणारा कोणी उरलेला नाही. मात्र पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मातीच्या चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला, आणि त्याची पावले शाबूत होती. त्याचे वेगळेपण कोणत्या कारणाने होते, यावर आजही चर्चा होते. राष्ट्रीय पातळीवरच्या शालेय पुस्तकात सहावीच्या मुलांनी हा माणूस पाहिला आहे. शिरूरच्या मुलांनी तो आपल्या तालुक्यातला म्हणून ओळखावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेल्या मातीच्या डबीत ठेवलेली स्त्रीमूर्ती, आणि तिच्यासोबत मस्तक नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व बैल मिळाले. घरातल्या श्रद्धेचा इतका जुना आणि इतका जपून ठेवलेला पुरावा महाराष्ट्रात दुर्मीळ आहे.

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांड्यांची घडण ढासळते, शेतीपेक्षा शिकार आणि पशुपालन यांवर भार वाढतो. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. हवामान कोरडे होत गेले आणि शेती परवडेनाशी झाली, असे ढवळीकरांनी मांडले. उत्खनन सुरू असतानाच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने सोसला होता. त्या पिढीच्या संशोधकांना अवर्षणाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुढच्या पिढीने मात्र प्रश्न नव्याने विचारले. शीना पंजा यांनी लोकांच्या ऋतूनुसार होणाऱ्या स्थलांतराकडे लक्ष वेधले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या सांगाड्यांवरून वाढ आणि पोषण तपासले आणि हवामान, आरोग्य व लोकसंख्या यांचे नाते अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. नव्या वाचकाला हे मतभेद पाहून गोंधळायला होईल, पण त्यात या विषयाची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. नीट नोंदवलेले उत्खनन पुढच्या पिढीला आधीच्या निष्कर्षाशी वाद घालण्याची सोय करून ठेवते.

इनामगाव एकटे नव्हते. दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ वाळकी येथे जोर्वे काळातली छोटी वस्ती सापडली, आणि तिथे नांगराच्या फाळासारखे हाडाचे अवजारही मिळाले. मोठे गाव, त्याभोवतीच्या वाड्या, हंगामी शेतवस्त्या, गुरे घेऊन उतरण्याच्या जागा अशी साखळी या खोऱ्यात होती, असे दिसते. त्या साखळीतले अनेक दुवे अजून पांढरीखाली, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाखाली आहेत, आणि धोक्यातही आहेत. पांढरीची राखट माती घर लिंपायला, शेतात पसरायला चांगली, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या उचलली गेली. उसासाठी रान सपाट करताना जेसीबी एका दिवसात जे हलवतो, ते साचायला आठ-नऊशे वर्षे लागलेली असू शकतात.

म्हणून या विषयाला आज सर्वात जास्त गरज आहे ती गावोगावच्या जाणत्या डोळ्यांची. शेतात नक्षीचे खापर, गारगोटीची धारदार पाती किंवा रांजणाचे तोंड दिसले, तर स्वतः खणू नये. वस्तू होती तिथेच तिचे छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक आणि नदीपासूनचे अंतर टिपून ठेवावे, आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. जागेवरून हललेले खापर फक्त आपली घडण सांगते. जागेवरचे खापर शेजारच्या चुलीविषयी, घराविषयी आणि काळाविषयीही बोलते. शिक्षकांनी वर्गाला एकदा डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात न्यावे आणि मग आपल्याच गावाची पांढर दाखवावी. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण घोड-भीमेच्या खोऱ्यातल्या वस्त्यांचा गाववार नकाशा पुरा करण्याचे काम मोठे आहे, आणि ते इथे राहणाऱ्या माणसांवाचून होणार नाही.